शेवटच्या गाडीत आपण दोघं

अरविंद,

चारचौघांत मी तुला आयुष्यभर ‘अहो’ म्हणत आले आणि गाडीचं दार लागलं की ‘अरे’. तुझ्या आईंसमोर एकदा ‘अरे’ निसटलं, तर त्यांनी दोन दिवस अबोला धरला होता. आता त्या नाहीत, तूही नाहीस, आणि घरात ऐकायला दुसरं कोणी नाही. तेव्हा हे सगळं गाडीतलं बोलणं समज.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. कराडहून इकडे परदेशात आलेला मुलगा, विमानांच्या चाचणीतली नोकरी, गणपतीच्या मखराची दरवर्षीची वेल्डिंगची कामं, ते सगळं मेघना लिहून पाठवेल. आपल्या लेकीचं मराठी कच्चं आहे, पण तिच्या मनात तुझ्याबद्दल राग नाही, त्यामुळे तिचं लिखाण छापण्यासारखं होईल. माझं छापायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

तर सांगायचं हे की शनिवारी रेस झाली. तीस वर्षं बंद पडलेली आपली वाळवंटातली रेस, जिच्यासाठी तू गेली तीन वर्षं जिवाचं रान केलंस, ती झाली एकदाची. आणि तू तीन आठवडे आधी निघून गेलास. लग्न जमवायचं, मांडव घालायचा, आचारी सांगायचे आणि हळदीच्या दिवशी स्वतःच पळ काढायचा, असा प्रकार झाला हा. लोकांना वाईट वाटलं. मला वाईट वाटलंच, पण त्याआधी संताप आला. तो अजून गेलेला नाही.

ही रेस सुरू कशी झाली हे तू येणाऱ्या-जाणाऱ्याला इतकं ऐकवलं आहेस की मला पाठ आहे. सत्यनारायणाची कथा सांगावी तशी सांगायचास, फलश्रुतीसकट. महायुद्धावरून परत आलेले दोन मेकॅनिक. गावातल्या बारमध्ये पैज लागली की कोरड्या तळ्यापलीकडच्या खाणीपर्यंत जाऊन कोणाची मोटरसायकल आधी परत येते. पुढच्या वर्षी दहा-बारा जण, त्याच्या पुढच्या वर्षी अख्खा गाव. रस्ता नव्हताच. लांबच्या टेकडीवर जुने टायर पेटवायचे आणि त्या काळ्या धुराच्या रोखानं सगळ्यांनी एकदम सुटायचं. नंतर टप कापून टाकलेल्या जुन्या बीटल गाड्या आल्या, ट्रक आले. चर्चमधल्या बायका पॅनकेक करायच्या, शाळेचा बँड वाजायचा, मोटेलमध्ये खोली मिळायची नाही. वर्षातून एका शनिवारी त्या उजाड गावाचं पंढरपूर व्हायचं, असं तू म्हणायचास. मी म्हणायचे, पंढरपूरला माणसं एवढी बिअर पीत नाहीत.

तुझ्या ऑफिसातला कोणीतरी आपल्याला पहिल्यांदा घेऊन गेला. मी नागपूरची. ऊन आणि धूळ बघायला पेट्रोल जाळून जायचं, ही कल्पनाच मला पटत नव्हती. तू मात्र गाडीतून उतरलास आणि तोंड उघडं टाकून उभा राहिलास. ट्रक समोरून गेले, तुझ्या दातांत वाळू गेली, आणि तू हसत होतास. तुझा तो चेहरा मी आपल्या लग्नातही पाहिला नव्हता.

पुढच्या वर्षी तू काम मागायला गेलास. त्यांनी तुला स्वीप दिली. कारण ती कोणालाच नको होती. सगळे स्पर्धक निघून गेले की त्यांच्या मागून, त्याच वाटेनं, सगळ्यात शेवटी जाणारी गाडी म्हणजे स्वीप. वाटेच्या खुणेच्या रिबिनी काढत जायचं, बंद पडलेल्यांना उचलायचं, प्रत्येक चेकपॉइंटवर थांबून कोण पुढे गेलं, कोण राहिलं ते विचारायचं. सगळ्यांची धूळ खायची आणि पॅनकेक संपल्यावर पोचायचं. पण त्या लोकांचा एक रिवाज होता. स्वीप येईपर्यंत फिनिशवरून कोणी हलायचं नाही. पहिला नंबर आलेलाही तिथे खुर्ची टाकून बसायचा. स्वीपवाल्यानं गाडीतून उतरून भोंग्यावर सांगायचं, “आमच्या मागे कोणी नाही.” ते सांगितलं की रेस संपली. बक्षिसं त्यानंतर.

तुला तो सगळ्यात मोठा मान वाटला. मी आपल्या निळ्या पिकअपला ‘वरातीमागून घोडं’ म्हणायचे. तू चिडायचास, आणि मग गावातल्या गोऱ्या लोकांना त्याचा अर्थ समजावून सांगायचास. त्यांना तो फार आवडायचा.

एक गोष्ट मात्र तुझी कबूल करते, आणि आज कबूल करताना जीभ जड होते. नागपूरच्या घरात रस्ता कुठे वळतो हे कोणी बाईला विचारत नसे. इथे मी लॅबमध्ये नोकरी करत होते, तिथेही माझ्या बोलण्यातला अर्धा वेळ लोकांच्या “पार्डन?” मध्ये जायचा. आणि तू पहिल्याच वर्षी माझ्या मांडीवर नकाशा टाकलास आणि म्हणालास, “तू सांग, मी वळवतो.” फाटा आला की विचारायचास, डावं की उजवं? मी सांगायचे, तू वळवायचास. का म्हणून कधी विचारलं नाहीस. चाकांच्या खुणा वाचायला मी तिथेच शिकले. ताज्या खुणेची कड कशी धारदार असते आणि वाऱ्यानं ती कशी बोथट होते, हे मला तुझ्याहून चांगलं कळायला लागलं, आणि तू ते सगळ्यांना सांगायचासही. माझे दोन्ही हात नकाशावर, म्हणून तू एका हातानं संत्रं सोलून फोडी माझ्या तोंडात घालायचास. फोडीबरोबर वाळूही जायची. आपल्या संसारातले सगळ्यात सुखाचे तास कुठले असं मला कोणी विचारलं, तर मी त्या गाडीतले सांगेन.

म्हणूनच ते मी विसरू शकले नाही. दुसरा कोणी असता तर कधीच सोडून दिलं असतं.

त्या वर्षी शेवटच्या चेकपॉइंटवर सांगितलं की एक मोटरसायकलवाला राहिलाय. वॉल्ट नावाचा, एकटाच आलेला. आता यात नवीन काही नव्हतं. दरवर्षी दोन-चार जण गाडी बिघडली की कंटाळून हायवेला लागायचे, कोणाला न सांगता घरी जायचे, आणि आपण त्यांना झुडपांत शोधत बसायचो तेव्हा ते आपापल्या घरी टबमध्ये पाय सोडून बसलेले असायचे. तू त्यावरून किती शिव्या घालायचास. कोरड्या तळ्याच्या कडेला फाटा होता. रिबिनी डावीकडे जात होत्या. उजवीकडे एक कोरडा ओढा, आणि त्याच्या वाळूत मोटरसायकलची एकच खूण आत गेलेली. परत आलेली नाही. मी म्हटलं, “वळव. इकडे कोणीतरी गेलंय.”

तू गाडी हळू केलीस. बाहेर पाहिलंस. सूर्य टेकलेला होता, फिनिशवर लोक खोळंबले होते. तू म्हणालास, कालची खूण असेल, सरावाची. मी म्हटलं, कड बघ, आजची आहे. मी पुन्हा म्हटलं, वळव. तू म्हणालास, “गेला असेल गं तो घरी,” आणि डावीकडे घेतलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी सांगितलेल्या बाजूला तू वळला नाहीस. फिनिशवर उतरलास आणि भोंग्यावर नेहमीसारखं म्हणालास, आमच्या मागे कोणी नाही.

सकाळी वॉल्टच्या बायकोचा फोन आला. दुपारी तो सापडला. संध्याकाळचं ऊन डोळ्यांवर आणि पुढच्याची धूळ, त्यात त्याची रिबीन चुकली होती. ओढ्याच्या पहिल्याच वळणामागे तो पडला होता, रात्रभर, पायावर मोटरसायकल घेऊन. तो वाचला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशी शाळेच्या जिममध्ये झाली. घड्या घालायच्या लोखंडी खुर्च्या, समोर समितीचे लोक, बाजूला सरकारी जमीन खात्याचा माणूस. तुला विचारलं, खूण दिसली होती का? तू खरं बोललास, हो म्हणालास. मग म्हणालास, “आम्ही दोघांनी पाहिली. आम्हा दोघांनाही ती जुनी वाटली.”

आम्हा दोघांनाही. मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. मी तुझ्याकडे पाहिलं, तू समोर पाहत होतास. तिथे उभं राहून, परक्या लोकांसमोर, नवरा खोटं बोलतोय असं मी सांगेन असं तुला वाटलं नव्हतं, आणि तुझा अंदाज बरोबर होता. मला वाटलं घरी गेल्यावर बोलशील. घरी गेल्यावर तू आमटीत मीठ कमी आहे म्हणालास.

त्यानंतर आठवड्याभरात त्या गावच्या दुकानात आपण भाजी घेत होतो. रेसमध्ये गाड्यांची दुरुस्ती करणारा एक जण आला, तुझ्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, बायकोला नकाशा वाचायला देऊ नये हेच खरं. त्याला चेष्टा करायची होती. तू टोमॅटो निवडत होतास. निवडतच राहिलास. एक टोमॅटो दाबून पाहिलास, परत ठेवलास, दुसरा घेतलास. अरविंद, तो माणूस काय म्हणाला ते मी कधीच माफ केलं. तुझे टोमॅटो मला माफ करता आले नाहीत.

पुढच्या वर्षी रेस झाली नाही. विमेवाल्यांनी हात वर केले, जमीन खात्यानं परवाना दिला नाही, त्यात वाळवंटातल्या कासवांना संरक्षण मिळालं आणि अर्धी वाट कायमची बंद झाली. मोटेल बंद पडलं, पॅनकेकवाल्या बायका म्हाताऱ्या झाल्या. गाव आधीच रोडावलेलं, ते आणखी रोडावलं. तू म्हणायचास कासवांनी रेस मारली.

दोनदा मी विषय काढला. एकदा मेघनाला ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत सोडून परत येताना, मोटेलच्या खोलीत. एकदा तुझ्या रिटायरमेंटच्या जेवणानंतर. दोन्ही वेळा तू म्हणालास, शिळ्या कढीला ऊत आणू नकोस. मी म्हटलं, ही कढी शिळी झालेलीच नाही, अजून चुलीवरच आहे. तू टीव्ही लावलास. मला काही फार नको होतं. “तू वळव म्हणाली होतीस, मी वळलो नाही.” एवढं एक वाक्य. लोकांसमोर नको, गावात दवंडी नको. स्वयंपाकघरात, चहा पिता पिता, माझ्याकडे बघून. मी त्यावर भांडलेही नसते. मला वाटतं, मी तुला दुसरा चहा दिला असता.

मग जेसी आली. पैज लावणाऱ्या त्या दोन मेकॅनिकपैकी एकाची नात. केसांना जांभळा रंग, बोलायला गोड, कामाला वाघ. तिला आजोबांची रेस पुन्हा सुरू करायची होती आणि जुनी वाट आठवणारं माणूस हवं होतं. ती आपल्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसली आणि तू दहा वर्षांनी लहान झालास. परवान्यासाठी तू जमीन खात्याच्या इतक्या चकरा मारल्यास की तिथली बाई तुला नातवंडांचे फोटो दाखवायला लागली. कासवांची बिळं असतील ती वाट सोडून द्यायची, खाणीचे जुने रस्तेच वापरायचे, हे सगळं तू त्या जीवशास्त्रवाल्या पोरांबरोबर पायी हिंडून ठरवलंस. आणि त्यांचा तो नियम, की उभी गाडी हलवण्याआधी खाली वाकून बघायचं, सावलीला कासव येऊन बसलं असेल म्हणून. तू तो इतका मनावर घेतलास की आपल्या ड्राइव्हवेमध्ये, दूध आणायला जातानासुद्धा, गुडघे दुखत असताना खाली वाकून बघायचास. मी खिडकीतून बघायचे. शेजारचे हसायचे, मला हसू येत नसे. कासवासाठी हा माणूस वाकतोय, असं मनात यायचं आणि मी पडदा ओढून घ्यायचे.

तू म्हणालास, स्वीप आपणच करायची. मी म्हटलं, आता सगळ्या गाड्यांना ट्रॅकर असतात, कोण कुठे आहे ते फोनवर दिसतं, स्वीप कशाला? तू म्हणालास, तरी करायची. मग म्हणालास, तू बरोबर असशील तरच. मला वाटलं आता बोलेल. वाट बघत मी उभी राहिले. तू म्हणालास, पिकअपचे टायर बदलायला हवेत.

हॉस्पिटलमध्ये तू दोन दिवस होतास आणि दोन्ही दिवस शुद्धीवर होतास, म्हणजे ती सबबही तुला नाही. हार्ट थकलंय, आता काही करता येणार नाही, हे डॉक्टरनं आपल्या दोघांनाही सांगितलं होतं. मी खुर्ची ओढून बसले. मेघना कॉफी आणायला गेली होती. तू माझा हात धरलास आणि म्हणालास, “पिठूळ माती लागली की टायरमधली हवा कमी कर. विसरतेस तू.” मी म्हटलं, बरं. त्यानंतर तू झोपलास तो झोपलासच. आपल्या इतक्या वर्षांच्या संसारातलं तुझं शेवटचं वाक्य टायरच्या हवेबद्दल आहे, आणि त्यातही चूक माझीच.

भेटायला मंडळाची माणसं आली. काळेकाकूंनी वरण-भात आणला, मला मिठी मारली, म्हणाल्या तुमच्यासारखं जोडपं पाहिलं नाही, कधी आवाज चढलेला ऐकला नाही. मी हो म्हटलं. आवाज कशाला चढेल?

शनिवारी मला जायचं नव्हतं. मेघना शॉमबर्गहून आली होती, ती म्हणाली, “आई, बाबांसाठी चल ना. जस्ट वन डे.” जेसीनं फिनिशच्या कमानीवर तुझा भला मोठा फोटो लावला होता, तोच, हातात पाना घेतलेला. सगळ्यांच्या शर्टावर मागे निळा पिकअप. मिनिटभर शांतता पाळली. मग जेसी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली की स्वीप तिनं तुझ्या मानासाठी ठेवली आहे, गरज नाही, ट्रॅकर आहेतच, पण शेवटची घोषणा मी करावी. तिचा हेतू चांगला होता. धुराच्या जागी आता हिरवा झेंडा आहे. टायर जाळायला बंदी आहे. गाड्या सुटल्या तेव्हा धूळ मात्र तीच उडाली, आणि मला रडू आलं. तेवढं तुझं.

सावलीच्या तंबूत एक म्हातारा बर्फाच्या पेटीतून लोकांना सोडा काढून देत होता. हाफ पँट, एक पाय धातूचा. मी ओळखलं. त्यानंही ओळखलं. त्यानं मला खुर्ची दिली आणि तुझ्याबद्दल बोलायला लागला. दर ऑक्टोबरमध्ये अर्वी यायचा, म्हणाला. त्या लोकांनी तुझ्या नावाचं अर्वी करून टाकलं होतं. मला ठाऊकच नव्हतं. तू मला सांगायचास की पार्ट आणायला बेकर्सफील्डला जातोय. तू वॉल्टच्या गॅरेजमध्ये बसायचास, त्याच्या मोटरसायकली दुरुस्त करून द्यायचास, जाताना त्याला तो धातूचा पाय आपटून दाखव म्हणायचास आणि दोघं हसायचात. मी ऐकत होते. मग तो म्हणाला, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते.

मी विचारलं, “माझे कशाबद्दल?”

तो म्हणाला, “तुम्ही त्याला वळायला सांगितलं होतं ना. दोनदा. अर्वी पहिल्याच भेटीत म्हणाला, माझ्या बायकोनं खूण बरोबर वाचली होती, मी ऐकलं नाही. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.”

मी विचारलं, पहिली भेट कधीची? तो म्हणाला, पाय गेला त्याच वर्षीची. हॉस्पिटलमध्येच आला होता तो, फुलं घेऊन.

मी सोड्याचा कॅन हातात धरून बसले. बरं वाटायला हवं होतं, नाही का? मला इतका राग आला की कॅन चेपला गेला. ज्या वर्षी तू शाळेच्या जिममध्ये ‘आम्हा दोघांनाही’ म्हणालास, त्याच वर्षी तू त्या माणसाच्या खाटेशी बसून खरं सांगितलं होतंस. इंग्रजीत, धडधडीत. म्हणजे ते वाक्य तुझ्यापाशी होतं. तयार होतं. तीस वर्षं तू ते दर ऑक्टोबरला त्याच्याकडे घेऊन गेलास आणि मला आमटीतलं मीठ सांगत राहिलास. मी समजून घ्यायचा प्रयत्न केला, खरंच केला. त्याला सांगणं सोपं होतं. तो पाय गेलेला माणूस, तो माफ करून मोठा झाला, तू माफी मागून हलका झालास, आणि संध्याकाळी गाडीत बसून घरी आलास. मला सांगितलं असतंस तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टेबलावर माझ्यासमोर बसून चहा प्यावा लागला असता. तेवढं तुझ्यानं झालं नाही. समजलं मला सगळं. समजलं म्हणून राग गेला असं नाही.

आणि तरीही, खरं सांगते, कोणालातरी माहीत होतं याचं मला थोडं बरं वाटलं. इतकी वर्षं जगात एक माणूस होता ज्याला माहीत होतं की मी बरोबर होते. तो तू निवडलेला होता. त्याबद्दल तुझे आभार मानायचे की काय, ते मला अजून ठरवता येत नाही.

शेवटचा ट्रक गेल्यावर आम्ही निघालो. मेघना गाडी चालवत होती, मी शेजारी. निघण्याआधी ती खाली वाकून कासव बघून आली, तू शिकवलेलं. पिठूळ माती लागायच्या आधी मी हवा कमी करून घेतली. विसरले नाही, नोंद घे. रिबिनी काढत काढत आम्ही पुढे गेलो. बिनटपाच्या दोन रेसगाड्या वाटेत बंद पडल्या होत्या, त्यांची माणसं त्यांच्यापाशीच बसली होती, त्यांना न्यायला त्यांची दुसरी गाडी आधीच निघाली होती. ट्रॅकर चोख होता. बाकी सगळे पोचल्याचं मेघनाच्या फोनवर दिसत होतं. तुझ्या रेसला आता आपली गरज नाही, अरविंद. हे तुला कोणीतरी सांगायला हवं.

कोरड्या तळ्याच्या कडेला फाटा आला. रिबिनी डावीकडे होत्या. उजवीकडचा ओढा तसाच, क्रिओसोटची झुडपं थोडी वाढलेली. वाळूवर एकही खूण नव्हती.

मी म्हटलं, “उजवीकडे वळव.”

मेघना म्हणाली, “आई, तिकडे कोर्स नाहीये. आणि एव्हरीवन इज इन, बघ ना.”

मी म्हटलं, “माहितीये. वळव.”

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी वळवली. का म्हणून विचारलं नाही. ओढ्यात शिरलो, पहिल्या वळणापर्यंत गेलो. तिथे कोणी नव्हतं. एक उन्हानं पांढरा पडलेला कॅन होता आणि दगड. मी उतरले नाही. मी म्हटलं, चल आता. तिनं गाडी मागे घेतली आणि आम्ही पुन्हा रिबिनींना लागलो.

फिनिशवर सगळे थांबले होते. पहिला आलेला पोरगासुद्धा, खुर्ची टाकून. जेसीनं माझ्या हातात माइक दिला. मी म्हटलं, आमच्या मागे कोणी नाही. माझा आवाज कापला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं मला तुझी आठवण आली. मी तुझ्या फोटोकडे बघत होते आणि मनात एकच हिशेब चालला होता. त्या ओढ्यात जाऊन परत यायला चहा उकळायला लागतो तेवढा वेळ लागला.

एवढंच होतं रे ते.